भाड्याची नाव आणि तांडेलाचें नांव

लातुराहून एका वर्गणीदार गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. चार कागद पाठपोट लिहिलेले, आणि विषय काय, तर नाव! लातूर आणि नाव हे दोन शब्द एका पत्रांत आलेले पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें. ज्या नगरास २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून द्यावें लागलें, आणि त्या गाडीचें 'जलदूत' हें नांव जेथील लहान मुलांनाही पाठ झालें, तेथील एक कुटुंब सागरावर चालणाऱ्या नौकेचें मालक व्हावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पण पत्र शेवटपर्यंत वाचलें, आणि त्यांतील एका वाक्यापाशीं हंसूं कोठल्या कोठें गेलें. तें वाक्य कोणतें, तें पुढें सांगूं.

एक खुलासा मात्र आधींच केलेला बरा. हल्लींच्या शुद्धलेखनांत पाण्यावरची 'नाव' आणि माणसाचें 'नांव' हीं दोन्ही सारखींच लिहितात. आम्ही जुन्या वळणाचे. अनुस्वार सोडवत नाहीं. आणि या लेखांत तर तो सोडून चालणारच नाहीं, कारण पत्रांतील तंटा वरवर पाहतां नावेच्या नुकसानीचा असला, तरी आंतून तो एका माणसाच्या नांवाचा आहे.

हकीकत अशी. तीन बंधूंचें एकत्र कुटुंब. मधल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं घरच्या सामाईक पैशांतून मालवणास एक जुनी मोटर-लाँच विकत घेतली. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग या बाजूस प्रवाशांची गर्दी असते. तेव्हां पावसाळ्याचे महिने सोडून ही लाँच कोणा एका मंडळीला दिवसभरासाठीं सबंध भाड्यानें द्यावयाची, असा हा धंदा. लाँचीवर तेथलाच एक तांडेल व दोन खलाशी आहेत. तांडेलाची उभी हयात दर्यावर गेलेली. गेल्या हंगामांत अकरा जणांच्या एका मंडळीनें लाँच घेतली आणि दहा हजार रुपये अनामत ठेवली. संध्याकाळीं लाँच परत आली, तेव्हां बैठकीच्या दोन गाद्या चिरलेल्या होत्या, पाण्याखालील पंख्याचें एक पातें वांकलें होतें, आणि दुर्बीण जाग्यावर नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जीवरक्षक जाकिटें मोजलीं, तों पंधरांपैकीं चार कमी भरलीं.

चिरंजीवांनीं सगळी अनामत ठेवून घेतली. त्यांच्या छापील कागदावर एकच ओळ होती, कीं कोणतेंही नुकसान झाल्यास अनामत परत मिळणार नाहीं. मंडळी म्हणते, गाद्या आधींच फाटक्या होत्या, पंखा तुमच्या माणसानें खडकावर घातला, आणि चोर आम्हांला ठरवीत असाल तर ग्राहक आयोगाकडे जाऊं. इकडे लातुरास वडीलधाऱ्यांची बैठक भरली आणि तींत असें ठरलें, कीं हें काम तांडेलाचेंच. त्याचा महिन्याचा पगार कापावा आणि त्याला काढून टाकावें. घरांतील थोरल्या काकूंचें म्हणणें असें, कीं काढण्यापूर्वीं त्याला तेथील ग्रामदेवतेपुढें उभें करून शपथ घ्यायला लावावी. पत्रलेखक विचारतात, यावर शास्त्र काय म्हणतें आणि कायदा काय म्हणतो?

चार निरनिराळ्या गोष्टी एका पोत्यांत भरल्यामुळें हा सारा गोंधळ झाला आहे. गादी, पंखा, दुर्बीण आणि जाकिटें यांचा न्याय एक नव्हे.

नाव भाड्यानें दोन तऱ्हांनीं देतात. एक, नुसती नाव द्यावयाची. वल्हें, सुकाणू, माणसें सारीं घेणाऱ्याचीं. अशा व्यवहारांत नाव घेणाऱ्याच्या ताब्यांत जाते, आणि १८७२ च्या करार-कायद्यांतील १४८ पासून पुढचीं कलमें त्याला लागतात. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्यानें दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी, असें १५१ वें कलम सांगतें. आणि तेवढी काळजी घेऊनही वस्तु बिघडली, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नाहीं, असें १५२ वें. देणाऱ्यावरही एक बोजा आहे, तो मात्र धनी लोक सोयीस्करपणें विसरतात : भाड्यानें दिलेल्या वस्तूंत दोष असेल, तर तो आपल्याला ठाऊक नव्हता ही सबब १५० व्या कलमापुढें चालत नाहीं. दुसरी तऱ्हा म्हणजे नाव, तांडेल व खलाशी यांसह द्यावयाची. तींत नाव घेणाऱ्याच्या ताब्यांत जातच नाहीं. कोठें जावयाचें हें मंडळी सांगते. कसें जावयाचें, किंबहुना जावयाचें कीं नाहीं, हें तांडेल ठरवितो, आणि तांडेल हा मालकाचा हात आहे.

म्हणून पंख्याचा प्रश्न एका ओळींत सुटतो. सुकाणू ज्याच्या माणसाच्या हातीं, पंखा त्याचा. मालवणच्या किनाऱ्यालगत पाण्याखालीं खडक आहेत हें तांडेलाला ठाऊक असतें, नागपुराहून किंवा पुण्याहून आलेल्या प्रवाशाला तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. मंडळीनें आग्रह केला म्हणून तांडेलानें लाँच आंत घातली असेल, तरीही उत्तर तेंच; नाहीं म्हणण्याचा अधिकार त्याला होता. पंख्याचा एक पैसाही अनामतींतून घेतां येत नाहीं.

कौटिल्यानें हा विचार फार स्पष्ट केला आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्षाचें प्रकरण आहे. राजाच्या नावा शंख-मोतीं काढणाऱ्यांना भाड्यानें मिळत; त्या भाड्याला तेथें 'भाटक' हाच शब्द आहे, आणि आपलें मराठी 'भाडें' त्याच कुळांतलें. मोठ्या नावेवर शासक, निर्यामक, दोर आणि दात्र धरणारे, आणि पाणी उपसणारा उत्सेचक, एवढीं माणसें असलींच पाहिजेत, असें तो सांगतो. आणि मग म्हणतो, कीं माणसें अपुरीं, साहित्य अपुरें किंवा डागडुजी न केलेली अशी नाव बुडाली, तर जें हरवलें व जें नासलें तें सगळें नावध्यक्षानें भरून द्यावें. राजाचा अधिकारी झाला तरी त्याची सुटका नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नावाड्यांचा नियम आहे : त्यांच्या अपराधानें नावेंतील वस्तु नासली, तर सर्व नावाड्यांनीं आपापल्या अंशाप्रमाणें ती भरून द्यावी, मात्र दैवी आपत्तीनें नासली, तर दंड नाहीं. वादळ आणि बेसावधपणा यांतला हा फरक त्या काळींही लोकांना चांगला कळत होता.

गाद्यांचा प्रकार वेगळा. त्यांच्यावर दिवसभर मंडळीच बसली होती. पत्रांत लिहिलें आहे, कीं गाद्यांचे अभ्रे दिवाळींत नवे शिवले होते, शिवणाऱ्याची पावती आहे, आणि आदल्या दिवशीं काढलेल्या एका छायाचित्रांत ते धड दिसत आहेत. एवढा पुरावा पुरेसा आहे. दोन गाद्यांचा खर्च बावीसशें रुपये. तो मंडळीनें सोसावा. अभ्रे जुने असते, तर जुन्याची किंमत धरावी लागली असती. कित्येक मालक फाटक्या सतरंजीच्या बदल्यांत नवी सतरंजी मागतात. ती भरपाई नव्हे, नफा होय.

राहिली अनामतीवरची ती छापील ओळ. अशा ओळी आजकाल प्रत्येक कागदावर असतात, मंगल कार्यालयापासून मोटारगाडीपर्यंत. १८७२ च्या त्याच कायद्याचें ७४ वें कलम असें आहे, कीं करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असें ठरलें असलें, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. ठेव जप्त करण्यालाही हेंच तत्त्व लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फत्तेचंदविरुद्ध बाळकिशनदास या प्रकरणांत सांगितलें. तेव्हां दहा हजारांपैकीं बावीसशें ठेवून सात हजार आठशें परत करावे, हेंच आमचें मत. आणि तें मंडळीनें नोटीस देण्याची वाट न पाहतां करावे.

आतां चोरी. चोरी हा शब्दच असा आहे, कीं तो उच्चारला रे उच्चारला, कीं माणसें वस्तु शोधणें सोडून माणूस शोधूं लागतात. आमच्या नांदेडास गोदावरींत चोरी नावेवर होत नाहीं, नावेनें होते. वाळू उपसणाऱ्या नावा महसूल खातें पकडतें आणि जिलेटिन लावून उडवून देतें. तेथें चोर कोण याचा घोळ नसतो. लाँचीवरच्या दुर्बिणीचें तसें नाहीं. ती सकाळीं जाग्यावर होती, असें पाहिलेलें कोणीच सांगत नाहीं. ती मंडळीच्या हवालीं केल्याची नोंद नाहीं. जाकिटांची गोष्ट तर याहून पोकळ. संध्याकाळीं मंडळी उतरली तेव्हां तीं मोजलीं नाहींत. लाँच रात्रभर धक्क्याला उभी होती. मोजणी झाली ती सकाळीं. त्या रात्रीं धक्क्यावरून कोण आलें, कोण गेलें, हें समुद्रालाच ठाऊक. मंडळीनें नेलीं असतील, दुसऱ्या एखाद्या होडीवाल्यानें उचललीं असतील, वाऱ्यानें पाण्यांत गेलीं असतील. ज्या वस्तूची मोजणी देतांना झाली नाहीं आणि घेतांनाही झाली नाहीं, ती कोणाच्या अंगावर टाकतां येत नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतींत या बाबतींत एक बारकावा आहे, तो वाचकांस सांगण्याजोगा आहे. विश्वासानें ठेवलेली ठेव राजानें, दैवानें किंवा चोरानें नेली, तर ठेवून घेणाऱ्याला ती भरून द्यावी लागत नाहीं. पण भाडें घेऊन माल वाहणाऱ्याच्या हातून तो नष्ट झाला, तर त्याला सुटका फक्त राजा आणि दैव या दोनच कारणांनीं मिळते. चोराचा उल्लेख तेथें नाहीं. जो फुकट सांभाळतो त्याच्याकडून चोरापासून राखण करण्याची अपेक्षा नाहीं. जो पैसे घेतो त्यानें राखण केलीच पाहिजे, असा आम्ही या भेदाचा अर्थ करतों. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, ती कल्याणीस, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत. तें कल्याण म्हणजे आपल्या उमरग्यापलीकडचें बसवकल्याण. लातूरकरांनीं हा ग्रंथ परका मानण्याचें कारण नाहीं. आणि या नियमाचें टोंक कोणाकडे वळतें पाहा : दिवसाचें भाडें मंडळीनें घेतलेलें नाहीं, मालकानें घेतलें आहे.

विम्याचें काय, असेंही पत्रांत विचारलें आहे. विमा आहे, हें ऐकून बरें वाटलें; पण त्याचा कागद कोणी वाचलेला नाहीं, हें उघड आहे. १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या परिशिष्टांत जुन्या पद्धतीच्या विमापत्रांतील शब्दांचे अर्थ दिले आहेत. त्यांत 'चोर' या शब्दाचा अर्थ पाहून आम्ही थक्क झालों. गुपचूप केलेली चोरी, आणि नावेवरच्याच माणसांनीं, मग ते खलाशी असोत वा उतारू, केलेली चोरी, या शब्दांत धरलेली नाहीं! म्हणजे दांडगाईनें लुटणारा तेवढा चोर. हळूच पिशवींत घालणारा चोर नव्हे. शिवाय सामान्य झीज, आणि उंदीर-घुशींनीं केलेलें नुकसान, हेंही कायद्यानें विम्याबाहेर ठेवलें आहे, विमापत्रांत निराळें लिहून घेतलें नसेल तर. तेव्हां किरकोळ चोरी आणि खलाशांची चोरी यांचा समावेश आहे किंवा नाहीं, हें चिरंजीवांनीं विमा कंपनीला लेखी विचारावें. हप्ता थोडा वाढेल. चार जाकिटांसाठीं तो वाढविण्यांत अर्थ नाहीं; यंत्रासाठीं आहे.

तांडेलाकडे वळतों. लातुरच्या बैठकींत त्याला चोर ठरविणाऱ्यांपैकीं एकानेंही त्याला पाहिलेलें नाहीं. पुरावा म्हणून पत्रांत काय दिलें आहे, तर 'तो घरचा नव्हे'. मंडळी शिकलेली दिसली, खलाशी गरीब आहेत, तेव्हां वस्तु गरिबानेंच नेली, हें अनुमान आपल्या घरांतून इतक्या सहजपणें होतें, कीं तें अनुमान आहे हेंच आपल्याला कळत नाहीं. चांदीचा चमचा हरवला कीं प्रथम मोलकरणीकडे डोळे जातात, आणि आठ दिवसांनीं तो शेणगोळ्याच्या ढिगांत किंवा नातवाच्या खेळण्यांत सांपडतो. तोंपर्यंत ती बाई काम सोडून गेलेली असते. न्यायशास्त्रांत अशा हेतूला हेत्वाभास म्हणतात. कायद्यानें पाहिलें, तर आरोप अधिकच जड आहे. चोरीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेखालीं येतो. साध्या चोरीला तींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोकरानें धन्याच्या ताब्यांतली वस्तु चोरली, तर सात वर्षांपर्यंत. बैठकींत सुपारी कातरतां कातरतां जो शब्द तोंडांतून गेला, त्याचें वजन एवढें आहे.

पगार कापण्याचा विचार तर मनांतून काढूनच टाकावा. नोकराच्या हातून झालेल्या नुकसानीची रक्कम कापावयाची, तर ती वस्तु त्याच्या हवालीं केलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्या हयगयीनें झालेलें असलें पाहिजे, आणि कापण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे, असें १९३६ च्या वेतन-कायद्यानें ठरविलें. २०१९ च्या वेतन-संहितेंतही तेंच तत्त्व राहिलें. येथें त्याला कोणी विचारलेलेंही नाहीं. पंख्याबद्दल त्याला समज द्यावी, ती योग्य. पण पंखा हा धंद्याचा खर्च आहे; पातें वांकल्यावर पगार कापला, तर पुढच्या वेळीं वांकलेलें पातें तो सांगणार नाहीं, आणि वांकलेल्या पात्यानें लाँच भर समुद्रांत जाईल.

थोरल्या काकूंची शपथेची सूचना आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं, कारण तिला शास्त्राचा आधार आहे. फक्त तो आधार त्यांना वाटतो तसा नाहीं. याज्ञवल्क्यानें तुला, अग्नि, जल, विष आणि कोश अशीं पांच दिव्यें सांगितलीं आहेत. पण केव्हां? आरोप मोठा असेल तेव्हां. आणि आरोप करणारा स्वतः दंड सोसण्यास तयार असेल तेव्हां. याला शीर्षक म्हणतात. आरोपी शुद्ध ठरला, तर शिक्षा आरोप करणाऱ्याला. तेव्हां तांडेलाला देवापुढें उभें करावयाचें असेल, तर प्रथम लातुरच्या बैठकींतील सर्वांनीं तेथें जाऊन, हा निर्दोष ठरल्यास एक वर्षाचा पगार आम्ही देऊं, असें कबूल करावें. (जलदिव्य मागूं नये. पाण्याखालीं दम धरण्यांत तांडेल सर्वांना भारी पडेल.)

समुद्रावरच्या नोकराला कसें वागवावें याविषयीं आपल्याच इतिहासांत एक शहाणपणाचा कागद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण आहे. त्यांत असें सांगितलें आहे, कीं आरमाराचें वेतन बंदरांच्या उत्पन्नावर लावून देऊं नये, नेमणूक सरकारांतून नेमस्त द्यावी. नाहीं तर आरमारकरी सावकारांस उपद्रव देतील आणि बंदरें मोडतील. आम्हीं चौकशी केली तेव्हां कळलें, कीं आपल्या या तांडेलाला पगार थोडा आणि बाकी भिस्त प्रवाशांच्या बक्षिसावर, असा करार आहे. अमात्यांनीं जें मोडायला सांगितलें, तेंच लातुरकरांनीं नव्यानें उभारलें आहे. तांडेलानें चोरी केली असें आम्हीं म्हटलें नाहीं. पण चोरीची भीति वाटत असेल, तर तिचें औषध पगारांत आहे.

दुबळ्याच्या नुकसानींतून आपली भर करूं नये, हें राजांनींही जाणलें होतें. गोदावरी नांदेडाहून जेथें जाते त्या आंध्र देशांत मोटुपल्ली येथें काकतीय गणपतिदेवाचा शिलालेख आहे, शके ११६६ च्या सुमाराचा. वादळानें नाव फुटून माल किनाऱ्याला लागला, कीं पूर्वींचे राजे तो सगळा जप्त करीत. गणपतिदेवानें ठराविक जकातीपलीकडे कांहीं न घेण्याचें अभय दिलें. परदेशच्या व्यापाऱ्यांना दिलेलें तें अभय पाहिलें, म्हणजे अनामत गिळण्याचा आपला उत्साह फार लहान वाटूं लागतो.

आतां तें वाक्य, ज्यापाशीं आमचें हंसूं थांबलें. पत्राच्या तिसऱ्या कागदावर, शाबासकीच्या सुरांत, असें लिहिलें आहे : दुसऱ्या दिवशीं बारा जणांची मंडळी ठरलेली होती, शब्द मोडूं नये म्हणून चिरंजीवांनीं आहे त्या जाकिटांवर फेरी करून आणली. बारा उतारू आणि तीन नोकर मिळून पंधरा माणसें, आणि जाकिटें अकरा. त्या चार माणसांत तांडेल होता कीं एखादें लहान मूल होतें, हें पत्रांत नाहीं.

चोरीची सगळी चर्चा या एका फेरीपुढें फिकी आहे. १५ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्याच गोदावरींत, खालीं आंध्रांत कच्चुलुरुजवळ, प्रवाशांची एक खाजगी नौका पुराच्या पाण्यांत बुडाली; पात्राच्या तळांतून ती वर काढतां काढतां ऑक्टोबराचा उत्तरार्ध उजाडला. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबई बंदरांत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जण प्राणाला मुकले. त्यानंतर तेथें प्रत्येक उतारूनें जाकीट घालणें सक्तीचें झालें. त्या दिवशीं सकाळीं घारापुरीला निघालेल्यांपैकीं कोणाला कांहीं कल्पना होती? चार जाकिटें गेलीं, हें सकाळीं कळल्यावर चिरंजीवांनीं करावयाचें होतें तें एकच : शेजारच्या नावेवरून चार जाकिटें मागून आणणें, न मिळाल्यास चार माणसें उतरविणें, तेंही न जमल्यास फेरी रद्द करणें. शब्द मोडला असता. पैसे परत द्यावे लागले असते. शब्दाचें प्रायश्चित्त आहे. आणि कौटिल्याचें तें वचन पुन्हां एकवार आठवावें : साहित्य अपुरें असलेली नाव बुडाली, तर भरणा अध्यक्षाचा. येथें अध्यक्ष कोण, हें सांगण्याची गरज नाहीं.

कुटुंबांत तोटा कोणी सोसावा, याविषयीं थोडक्यांत. लाँच सामाईक पैशांतून घेतली, तेव्हां नफा सर्वांचा आणि साधा तोटाही सर्वांचा. पंखा घराच्या खात्यावर लिहावा. मात्र भागीदारीच्या धंद्यांत बाकीच्यांनीं मना केलेलें किंवा न सांगितलेलें काम एकानें केलें, अथवा त्याच्या प्रमादानें नुकसान झालें, तर तें त्यानेंच भरावें, असें याज्ञवल्क्य म्हणतो. उलट आपत्तींतून जो माल वांचवील त्याला दहावा हिस्सा अधिक द्यावा, असेंही तेथेंच आहे. या न्यायानें दुर्बीण व चार जाकिटें चिरंजीवांच्या खात्यावर पडतात, कारण मोजणें हें त्यांचें काम होतें. पत्रांत तीन बंधूंचाच उल्लेख आहे. २००५ पासून कन्याही समान दायाद आहेत, तेव्हां हिशेबाची वही लिहितांना घरच्या लेकींना विसरूं नये.

पुढच्या बंदोबस्तासाठीं फार मोठी यंत्रणा नको. आपल्या घरांत जी रीत आहे तीच नावेवर न्यावी. लग्नकार्याला पातेलीं, घंगाळें, पराती शेजारीं देतांना आपल्या आया काय करीत? भांड्यावर नांव घातलेलें असे, देतांना संख्या मोठ्यानें म्हणून दाखवीत, आणि परत घेतांना भांडें उलटें करून बूड पाहत. यांत शेजाऱ्याचा अपमान झाला, असें कोणाला वाटत नसे. जाकिटांवर लाँचीचें नांव आणि अंक मोठ्या अक्षरांत रंगवावे. सकाळीं मंडळीच्या प्रमुखाला सोबत घेऊन लाँच फिरून पाहावी. गाद्या, कांचा, दोर, नांगर, अग्निशामक नळकांडें, सर्व जसें असेल तसें यादींत लिहावें, जुना ओरखडाही लिहावा, आणि दोघांनीं सही करावी. मोबाइलवर चार छायाचित्रें काढावीं, तींही दोघांसमोर. संध्याकाळीं मोजणी माणसें धक्क्यावर पाय ठेवण्यापूर्वीं झाली पाहिजे, नंतर नव्हे. जाकीट दिल्याशिवाय फळीवरून उतरावयाचें नाहीं, एवढें खलाशी नम्रपणें सांगूं शकतो. रात्रीं जाकिटें कुलपांत. दुर्बीण लाँचीवर हवीच कशाला? ज्याला पाहिजे तो आपली आणील. अनामतीच्या कागदावर ती एक ओळ खोडून, कोणत्या वस्तूला किती, हें लिहावें, आणि उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळेल तेंही. वस्तु खरोखर चोरीला गेली, तर पोलिसांकडे त्याच दिवशीं जावें, आणि तक्रारींत जें पाहिलें तेवढेंच सांगावें. संशयिताचें नांव विचारल्याशिवाय घालूं नये, आणि विचारल्यावरही कारणासह घालावें.

सध्यां करावयाचें तें असें. सात हजार आठशें रुपये मंडळीला याच आठवड्यांत पाठवावे, सोबत गाद्यांच्या पावतीची नक्कल जोडावी. चार नवीं जाकिटें लाँचीचा दोर सुटण्यापूर्वीं विकत घ्यावीं. आणि चिरंजीवांनीं मालवणास जाऊन तांडेलाला सांगावें, कीं तुमच्यावर आमचा आळ नाहीं. हें फोनवर सांगूं नये. संशयाची गोष्ट त्याच्या कानावर दोन खलाशांसमोर गेली होती, असें पत्रावरून दिसतें. तेव्हां ही गोष्टही त्या दोघांसमोरच, लाँचीवर उभें राहून सांगितली पाहिजे. चिरंजीव वयानें लहान आहेत; वडील बंधूंपैकीं कोणी सोबत गेलें तर अधिक बरें. लातुराहून मालवणाचा प्रवास लांबचा खरा, पण आपली लाँच त्यांनीं अजून पाहिलेलीही नाहीं.